खुर्ची आणि लोटा

खुर्ची म्हटलं की आपल्याला आधी मंत्रालय आठवतं आणि मग ती सोडायला तयार नसलेली माणसं. आज मी ज्या खुर्चीबद्दल लिहितोय तिचा मंत्रालयाशी काही संबंध नाही. पण प्रतिष्ठेशी आहे, आणि तोच मला खटकतो.

ही खुर्ची तुम्ही पाहिलेली असणार, नाव माहीत नसेल कदाचित. वाकवलेल्या लाकडाच्या तीन टरफलांत काळ्या कातड्याच्या गुबगुबीत गाद्या, खाली धातूचे पाच पाय, समोर पाय टाकायला त्याच घाटाचं स्टूल. अमेरिकन मालिकेतल्या एखाद्या यशस्वी माणसाच्या दिवाणखान्यात हमखास दिसते. ईम्स लाउंज चेअर. हर्मन मिलर कंपनीने १९५६ साली बाजारात आणली आणि तेव्हापासून तिचं उत्पादन चालूच आहे.

गंमत अशी, की चार्ल्स आणि रे ईम्स या जोडप्याला मुळात श्रीमंतांसाठी काही करायचंच नव्हतं. जास्तीत जास्त लोकांना, कमीत कमी पैशांत, उत्तमातली उत्तम वस्तू द्यायची हे त्यांचं ध्येय. त्याची सुरुवात झाली एका फसलेल्या खुर्चीपासून.

१९४० साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने फर्निचरची एक स्पर्धा घेतली. चार्ल्सने आपला मित्र ईरो सारिननबरोबर बक्षिसं पटकावली. कल्पना सुरेख होती: पाठ, बैठक आणि हात सगळं प्लायवुडच्या एकाच सलग तुकड्यात. पण प्लायवुडचं एक आहे. एका दिशेने ते मुकाट्याने वाकतं, दोन दिशांनी एकदम वाकवायला गेलं की चिरतं. मग त्या चिरा कापडाखाली झाकाव्या लागल्या आणि स्वस्तात भरपूर खुर्च्या करायचा बेत बारगळला.

१९४१ मध्ये चार्ल्स आणि रे यांचं लग्न झालं. रे मूळची चित्रकार. दोघं लॉस एंजेलिसला गेली आणि भाड्याच्या फ्लॅटमध्येच प्लायवुड वाकवायचं यंत्र बनवलं. लाकडाचे पातळ पापुद्रे गोंद लावून साच्यात घालायचे, विजेने तापवायचे आणि सायकलच्या पंपाने हवा भरून दाबायचे! यंत्राचं नाव 'कझाम', म्हणजे आपल्या 'छू मंतर'सारखं काहीतरी.

तेवढ्यात अमेरिका युद्धात उतरली. मोडलेला पाय बांधायला सैन्यात धातूच्या पट्ट्या असायच्या. जखमीला उचलून नेताना त्या थरथरायच्या आणि दुखापत आणखी वाढायची. ईम्सनी पायाच्या आकाराची प्लायवुडची पट्टी बनवली आणि नौदलाने ती घेतली. युद्ध संपेपर्यंत अशा सुमारे दीड लाख पट्ट्या तयार झाल्या. त्या पट्टीला जी भोकं आणि खाचा आहेत त्या मला फार आवडतात. बँडेज त्यांतून ओवता येतं, आणि वाकवताना लाकडावर येणारा ताणही त्यांच्यामुळेच सुटतो. एका भोकात दोन कामं.

खुर्चीचं कोडंही याच वाटेने सुटलं. लाकूड सलग वाकत नाही ना? मग सलग करूच नका. १९४६ च्या खुर्चीत पाठ वेगळी, बैठक वेगळी आणि जोडायला मध्ये रबराचे तुकडे. लाउंज चेअर म्हणजे याच युक्तीचा ऐश्वर्यसंपन्न अवतार. डोकं, पाठ आणि बैठक यांची तीन टरफलं. बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही. बैठक कायमची किंचित मागे कललेली, त्यामुळे कंबरेवरचा भार पाठीकडे जातो. मागेपुढे करायचा कसलाही खटका नाही. एका शोरूममध्ये मी पाचेक मिनिटं तिच्यात बसलोय (विक्रेत्याची नजर सोसेल तितकाच वेळ!). खुर्चीत बसलोय असं वाटण्याऐवजी कुणीतरी आपल्याला धरलंय असं वाटतं.

पण ही खुर्ची 'जास्तीत जास्त लोकांसाठी' नव्हतीच. तेव्हाही महाग होती, आज तर काही हजार डॉलर मोजावे लागतात. शिवाय ते लाकूड! ब्राझिलियन रोझवुड, म्हणजे आपल्या शिसवीचाच तिकडचा भाऊबंद. हे झाड इतकं तोडलं गेलं की १९९२ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली. आता खुर्ची अक्रोड वगैरे लाकडांत मिळते. जंगल संपवायला ही एकटी खुर्ची कारणीभूत नव्हती, पण त्या हौसेतला एक वाटा तिचाही होताच.

आणि खुर्चीनंतर दोनच वर्षांनी या जोडप्याने भारतासाठी काय लिहिलं ते पाहा. भारत सरकारच्या निमंत्रणावरून दोघं इथे आली, देशभर हिंडली आणि १९५८ मध्ये 'इंडिया रिपोर्ट' सादर केला. त्यातूनच पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. इथे पाहिलेल्या वस्तूंत त्यांना सगळ्यात थोर वाटला तो लोटा. आपला साधा तांब्या म्हणा ना!

लोटा बनवायचा तर काय काय विचारावं लागेल, याची त्यांनी यादीच दिलीय. पाणी किती मावावं? हात केवढा? डोक्यावर न्यायचा की कंबरेवर? भरलेला असताना तोल कुठे आणि रिकामा असताना कुठे? ओतायला कसा, घासायला कसा? हाताला कसा लागतो, वाजतो कसा? किंमत किती, आणि मोडीत किती येईल? मग ते म्हणतात, हा लोटा कुणा एका माणसाने घडवलेला नाही, पिढ्यान् पिढ्यांनी घडवलाय.

हेच प्रश्न त्यांच्या खुर्चीला विचारले तर? हाताला कशी लागते, तोल कसा आहे, इथे ती पैकीच्या पैकी गुण घेते. गाद्या काढता येतात, भाग बदलता येतात, म्हणजे टिकण्यातही पास. किमतीच्या प्रश्नावर मात्र साफ नापास. आणि शेवटचा प्रश्न, कुणी घडवली? १९४६ मध्ये त्याच म्युझियमने या फर्निचरचं प्रदर्शन भरवलं तेव्हा नाव एकट्या चार्ल्सचं. १९५६ मध्ये खुर्ची टीव्हीवर प्रथम झळकली तेव्हा रेची ओळख यशस्वी पुरुषामागची स्त्री, या थाटात करून दिली. ते चित्रीकरण आज नेटवर पाहताना कानकोंडं व्हायला होतं. ज्यांनी लोट्याचं श्रेय एकाला द्यायचं नाही असं बजावलं, त्यांच्याच खुर्चीचं श्रेय जगाने एकाला देऊन टाकलं.

चार्ल्स २१ ऑगस्ट १९७८ ला गेला. रे बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला.

मला खुर्ची आजही सुंदरच वाटते. पण त्या दोघांचं खरं देणं विचाराल तर मी युद्धातल्या त्या पट्टीकडे आणि लोट्याच्या त्या प्रश्नांकडे बोट दाखवीन. खुर्ची मोजक्यांच्याच घरी पोचली. प्रश्न मात्र फुकट आहेत, आणि घरातल्या कुठल्याही वस्तूला विचारता येतात. आजच तांब्या हातात घेऊन बघा.