एक इंजिन बंद पडलं तर?

२७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेतून नांदेड-हैदराबाद विमानसेवा सुरू झाली. विमान एटीआर-७२, दोन्ही पंखांवर एकेक इंजिन. नांदेड-लातूरकडे विमानांचा विषय निघाला, की आपल्याला हमखास प्रश्न येतो: त्यातलं एक बंद पडलं तर?

तर विमान उडत राहतं. धावपट्टीवर वैमानिकांचा एक वेग आधीच ठरलेला असतो, 'व्ही वन'. त्याच्या आत इंजिन गेलं तर ब्रेक, नंतर गेलं तर उडायचंच. एका इंजिनावर चढता येईल एवढंच वजन भरलेलं असतं. आपल्याकडच्या मे महिन्यात हवा विरळ होते, इंजिनाची ताकद घटते, म्हणून तापमान बघून हा हिशेब होतो.

मग १२ ऑक्टोबर १९७६ ला मुंबईत काय झालं? इंडियन एअरलाइन्सचं मद्रासला निघालेलं कॅरव्हेल सांताक्रूझहून उडालं आणि उजवं इंजिन गेलं. कॅरव्हेलची इंजिनं शेपटीजवळ, अगदी मध्याला लागून, त्यामुळे विमान एका बाजूला फार ओढलं जात नाही. वैमानिकांनी ते वळवलं, परत धावपट्टीकडे आणलंसुद्धा. पण इंजिन नुसतं बंद पडलं नव्हतं, फुटलं होतं. कॉम्प्रेसरच्या चकतीला धातूच्या थकव्याने तडा गेलेला. तुकडे उडाले, इंधन गळलं, आग लागली. आगीत हायड्रॉलिक तेल गेलं, आणि विमानाचं नाक वर-खाली करायची ताकद त्या तेलातच असते. धावपट्टीजवळ येऊन विमान कोसळलं. ९५ जण होते, एकही वाचला नाही.

(औरंगाबादचा १९९३ चा अपघात कुणाला आठवेल. तो वेगळा, तिथे उडतं विमान रस्त्यावरच्या कापसाच्या ट्रकला धडकलं.)

एटीआरचं दुखणं निराळं. इंजिनं पंखांवर, म्हणून विमान बंद इंजिनाकडे वळायला लागतं. पायाने रडर दाबून सरळ धरावं लागतं. बंद प्रोपेलरची पाती आपोआप वाऱ्याकडे धार करतात, नाहीतर तोच प्रोपेलर ब्रेकसारखा ओढतो. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत ही सोय नको तेव्हा चालली, उजवा प्रोपेलर निकामी झाला. घाईत वैमानिकाने चांगलं चालणारं डावं इंजिनच बंद केलं! विमान नदीत पडलं, ५८ पैकी ४३ गेले.

म्हणून सिम्युलेटरमध्ये घाई मोडायची सवय लावतात. आधी विमान सरळ धरायचं. मग एकाने लिव्हरवर हात ठेवून कोणत्या इंजिनाचा ते मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने बघून होकार दिला की मगच ओढायचा.