ढीग कोण परतणार?

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिही, असा निरोप आला. गडकिल्ल्यांवर आणि स्वातंत्र्यलढ्यावर लिहिणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत. मी खताच्या इतिहासावर लिहिते. आमच्या सोसायटीच्या खतप्रकल्पाचं काम माझ्याकडे आहे आणि आमच्या सभेत दर वेळी एकच वाद होतो: ढीग कोण परतणार? हा वाद फार जुना आहे.

विज्ञानाच्या तासाला आपण कंपोस्टचे थर पाठ केले, ते बहुतेक इंदूरहून आले. १९२४ साली होळकर संस्थानानं दिलेल्या जमिनीवर तिथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ सुरू झाली. अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक. कापसाच्या पिकाला खत हवं आणि शेण तर चुलीत जातं, ही त्यांची अडचण. मग थोडं शेण, पुष्कळ काडीकचरा, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि राख, असं मिश्रण ठरलं. पऱ्हाट्या कठीण, लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. मला हा उपाय फार आवडतो. यंत्र नाही, वीज नाही. खड्डे ३० फूट लांब, १४ फूट रुंद, पण खोली फक्त २ फूट, कारण आत हवा खेळायला हवी. तीन महिन्यांत खत तयार. १९३१ साली यावर पुस्तक निघालं, त्यावर दोन नावं आहेत: हॉवर्ड आणि यशवंत वाड. सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून हॉवर्ड जगाला ठाऊक झाले. वाडांचं नाव मी स्वतः चाळिशीनंतर वाचलं.

या पद्धतीत ढीग तीनदा परतावा लागे. संस्थेकडे मजूर होते. एकट्या शेतकऱ्यानं काय करायचं?

याचं एक उत्तर यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदला मिळालं. ना. दे. पांढरीपांडे या गांधीवादी शेतकऱ्यानं खड्डाच जमिनीवर आणला. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच विटांची टाकी, भिंतींत भोकं ठेवलेली. हवा बाजूनं येते, त्यामुळे परतायचं कामच नाही. शेण साधारण १०० किलो पुरतं. टाकी भरून वरून शेणमातीनं लिंपली की तीन-चार महिन्यांत खत. त्यांच्या नावाच्या अक्षरांवरूनच ‘नाडेप’ हा शब्द झाला. इंजिनियर म्हणून सांगते, मजुरीचा प्रश्न असा रचनेतच सोडवणं सोपं नसतं.

पण सगळाच प्रश्न मजुरीचा नव्हता. घाणीला हात कुणी लावायचा, हे आपल्याकडे जातीनं ठरवून ठेवलं होतं. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितलं, तर सवर्णाला ते देता येत नाही म्हणून नकार मिळाला. त्यासाठी त्यांनी उपास केला, त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनीही येरवड्यात उपास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्याचं सोनखत करणारे संडास उभे केले. खताच्या पाठात हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे दोन्ही पद्धती चालतात. नाडेप टाकी एका-दोन दिवसांत भरावी लागते, म्हणून तिच्यात वर्षभर साठवलेला पालापाचोळा आणि जवळच्या गोठ्यातलं शेण जातं. स्वयंपाकघरातला ओला कचरा रोजचा, त्याचे ढीग मात्र परतावेच लागतात. ‘त्यासाठी माणूस ठेवा ना,’ असं सभेत कुणीतरी म्हणतंच. मी विचारते, कोणता माणूस? मग थोडा वेळ कुणी बोलत नाही. गेल्या सभेत पाळ्यांची वही फिरवली. चाळीस घरांपैकी अकरांनी नावं लिहिली. पहिली पाळी येत्या रविवारी, सकाळी सात वाजता. घमेली आणि फावडी प्रकल्पाची आहेत, हातमोजे आपापले आणायचे.