घड्याळचोराचे चित्र आणि डोंगरीचा तुरुंग

भारतीय दंडसंहितेच्या 499व्या कलमाखाली दिलेली उदाहरणे वाचण्यासारखी होती. घड्याळ कोणी चोरले असे विचारल्यावर एखाद्याने नुसते 'य'कडे बोट दाखवले, तरी बदनामी. 'य' घड्याळ घेऊन पळतो आहे असे चित्र काढले, तरीही. आणि 'य प्रामाणिक आहे हो, त्याने घड्याळ मुळीच चोरले नाही' असे खोचकपणे म्हटले, तर तीसुद्धा! उपरोध हा पळवाट ठरू नये, याची तजवीज 1860 सालीच झाली होती. मात्र सरकारी नोकराच्या सार्वजनिक वर्तनावर सद्भावनेने मत देण्याची मुभाही त्याच कलमाच्या अपवादांत होती.

या मुभेच्या मर्यादेचा मराठी पत्रांना पहिला मोठा चटका बसला तो कोल्हापूर प्रकरणात.

1881च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. वर्ष सरतासरता दोन्ही पत्रांनी कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांच्या हालांविषयी लिहायला सुरुवात केली. महाराजांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, असा आरोप होता, आणि रोख होता कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर. पुराव्यादाखल बर्व्यांची म्हणून काही पत्रे हाती आली होती. बर्व्यांनी फिर्याद लावली आणि पत्रे बनावट ठरली. मग उरले काय? टीकेची धार कितीही रास्त असो, तिच्या बुडाशी असलेला कागदच खोटा निघाल्यावर सद्भावनेचा अपवाद कामाला येईना. या पत्रांचे संपादक टिळक-आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी जुलै 1882मध्ये प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झालीच. खटला चालू असतानाच, मार्चमध्ये, या पत्रांचे एक संस्थापक विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले होते.

खटल्याच्या वेळी जामिनासाठी धावून आले ते समाजसुधारक जोतीराव फुले. त्यांच्या खटपटीने रामशेट उरवणे जामीन राहिले. 'केसरी'च्या मंडळींशी फुल्यांचे फारसे जमत नव्हते; तेव्हा याचे मोल वेगळे सांगायला नको.

मुंबईतल्या डोंगरीच्या तुरुंगातून दोघे मुदतीआधीच, 101 दिवसांनी सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिले.

पुढच्याच वर्षी, 25 डिसेंबर 1883 रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलेले शिवाजी महाराज देखरेखीवरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत मरण पावले. एवढ्याने बर्व्यांची म्हणून छापलेली पत्रे खरी ठरत नाहीत. महाराजांच्या जिवाची काळजी मात्र उगाच नव्हती.