नडगीतला रॉड

बाइकवरून पडलो आणि नडगीत रॉड आला. दोन वर्षं झाली, तरी मांडी घालून जेवायला बसलो की गुडघा पुढून दुखतो. रॉड गुडघ्यातून का घालतात, हे शोधत मी मागे गेलो.

१९३९मध्ये जर्मनीतल्या कील शहरात गेरहार्ड कुंचर यांनी मांडीच्या मोडलेल्या हाडाच्या पोकळीत धातूचा खिळा घातला. पुढे नडगीलाही हाच उपाय आला. पण तिचं वरचं टोक गुडघ्याच्या वाटीआड असतं. म्हणून गुडघा पुरता वाकवून, वाटीखालचा टेंडन चिरून किंवा बाजूला सारून रॉड घालत. अडचण एकच: मोड गुडघ्याजवळ असेल, तर मांडीचा स्नायू वरचा तुकडा पुढे ओढतो आणि हाड वाकडं जुळतं.

१९९६मध्ये अमेरिकेत टॉर्नेटा आणि कॉलिन्स यांनी पाय जवळपास सरळ ठेवून रॉड घालायची पद्धत मांडली. त्यातूनच वाटीच्या वरून जाणारी वाट रुळली. तुकडे ओढले जात नाहीत, एक्स-रे सोपा. मात्र हत्यारं थेट सांध्यातून जातात, म्हणून कूर्चा जपायला नळी लागते. एक बग सुटला, दुसरा सांभाळायचा.

माझा रॉड खालून गेलाय. वरून गेला असता तर? काही अभ्यासांत वरच्या वाटेनं दुखणं कमी दिसलं, काहींत फरकच नाही. तोवर मी खुर्चीत जेवतो.