चांदणीवाला ट्रक

मानवतला आमच्या घरामागे आजोबांचा 1966 चा ट्रक उभा आहे. लांब नाक, जाळीवर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी. टेल्कोने 1954 मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला हे ट्रक बनू लागले. 1969 मध्ये करार संपला. चांदणी गेली, ‘टी’ आला.

आजोबांनी यातून कापसाच्या गाठी वाहिल्या. बाबा-काका आजही रविवारी इंजिन सुरू करतात, गंज घासतात. पुन्हा रस्त्यावर काढायचा त्यांचा हट्ट आहे.

2021 मध्ये केंद्राने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी ‘विंटेज’ नोंदणी आणली. त्यात दुचाकी आहेत, मोटारी आहेत, ट्रक नाहीत. हौसेच्या गाड्या वारसा ठरल्या. आमचं घर चालवणारी गाडी मात्र कायद्याला अजून दिसलेली नाही.