भावनिक अतिखाणे आणि स्थूलता

भावनिक अतिखाणे म्हणजे शारीरिक भूक नसताना चिंता, उदासी, राग, एकटेपणा किंवा कंटाळा अशा भावनांच्या प्रभावाखाली अन्न घेणे होय. त्याचे तीव्र रूप म्हणजे अतिखाण्याचा विकार. हा विकार कोणत्याही वजनाच्या व्यक्तीला होऊ शकतो, मात्र स्थूल व्यक्तींमध्ये तो अधिक आढळतो. सर्वच स्थूल व्यक्तींना हा विकार नसतो.

व्याख्या व निदान

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्ये काही स्थूल रुग्णांमधील अतिखाण्याच्या झटक्यांचे वर्णन केले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या निदान पुस्तिकेत २०१३ मध्ये त्यास स्वतंत्र विकाराचा दर्जा मिळाला. निदानासाठी असे झटके सरासरी आठवड्यातून किमान एकदा व सलग तीन महिने यावे लागतात. झटक्यात व्यक्ती थोड्या वेळात असाधारण प्रमाणात खाते व थांबणे आपल्या हाती नाही असे तिला वाटते. भरभर खाणे, पोट दुखेपर्यंत खाणे, भूक नसताना खाणे, लाजेमुळे एकट्याने खाणे आणि नंतर स्वतःची घृणा वा अपराधभाव वाटणे, यांपैकी किमान तीन लक्षणे असावी लागतात. बुलिमियाप्रमाणे मुद्दाम उलटी करणे किंवा जुलाबाची औषधे घेणे यात नियमितपणे आढळत नाही.

भावनांशी संबंध

मानसोपचारतज्ज्ञ हिल्डे ब्रूख यांच्या मते काही व्यक्तींना भूक आणि भावनिक अस्वस्थता यांतील फरक ओळखता येत नाही. हेदरटन व बॉमायस्टर यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, स्वतःविषयीच्या क्लेशदायक जाणिवेपासून सुटका म्हणून अतिखाणे घडते. खाण्याने मिळणारा दिलासा क्षणिक असतो. त्यानंतर येणारी लाज पुढच्या झटक्याचे कारण ठरते. कठोर आहारबंधनाने हे चक्र अधिक घट्ट होते. वजनावरून होणारी चेष्टाही ते वाढवते.

सातारा व सांगली परिसरातील संदर्भ

कृष्णाकाठच्या या ऊसपट्ट्यात गूळ व साखर मुबलक आहे. साताऱ्याचे कंदी पेढे आणि सांगलीचे भडंग प्रसिद्ध आहेत. आनंद वाटण्यासाठी पेढे आणि आपुलकी दाखवण्यासाठी पंगतीतील आग्रह, अशा रीतींनी अन्न येथील भावनिक व्यवहाराचा भाग झाले आहे; ही रीत म्हणजे विकार नव्हे. अनेक घरांत स्त्रिया सर्वांच्या शेवटी जेवतात. त्यामुळे त्या किती व कोणत्या मनःस्थितीत खातात, हे इतरांच्या लक्षात येत नाही.

धार्मिक उपवास हाही विकार नाही. मात्र विकार असलेल्या व्यक्तीने वजन घटवण्यासाठी वारंवार कडक उपवास केल्यास नंतर झटका येण्याचा धोका वाढतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उपवासानंतरच्या खाण्याची थट्टा करते. ‘खा-खा सुटणे’, ‘वखवख’, ‘अधाशीपणा’ हे रूढ शब्दही या वर्तनाकडे स्वभावदोष म्हणून पाहतात. असा शिक्का बसल्याने रुग्ण त्रास लपवतो आणि उपचार लांबतात.

उपचार

बोधात्मक वर्तनोपचार हा प्रमुख उपचार आहे. यात रुग्ण खाण्याची वेळ, प्रसंग व त्या वेळची भावना यांची नोंद ठेवतो, ठरलेल्या वेळी जेवतो आणि भावना हाताळण्याचे इतर मार्ग शिकतो. या उपचाराने झटके कमी होतात; वजनातील घट मात्र बहुधा मर्यादित असते. म्हणून केवळ वजनाच्या आकड्यावरून उपचाराचे यश मोजणे योग्य ठरत नाही. सोबत नैराश्य, मधुमेह व उच्च रक्तदाब यांची तपासणीही आवश्यक असते.

सांगली जिल्ह्यात मिरज येथे १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्यातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. केंद्र शासनाच्या टेली-मानस या सेवेद्वारे ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी मोफत सल्ला मिळतो.

हेही पहा

स्थूलता
बुलिमिया
नैराश्य
मधुमेह