ऐन, सिवाय आणि विमानाचे तिकीट

मराठी दप्तरांत महसुलाचे 'ऐन' व 'सिवाय' असे दोन भाग आढळतात. मूळ आकार तो ऐन. त्यावर चढविलेल्या पट्ट्या व बाबती ती सिवाय जमा. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात शेतीखेरीज इतर धंद्यांवर 'पांढरी' नावाची पट्टी असे. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्ती. कर कोणी द्यावयाचा हे नावातच आले. कन्हानकाठच्या खाप्यासारख्या विणकरी गावास या पट्टीचा अर्थ वेगळा सांगावा लागला नसेल. इंग्रजांनीही ती चालू ठेवली. १९०२ साली ती उठली.

विमानाच्या तिकिटास हाच भेद लावून पाहण्याजोगा आहे. भाडे हे ऐन. सिवायातील वस्तू व सेवा कर सरकारात जमा होतो, वापरकर्ता विकास शुल्क विमानतळाच्या चालकाकडे जाते. इंधन अधिभार मात्र या पंक्तीत बसूनही कंपनीच्याच तिजोरीत पडतो. नाव सिवायाचे, वस्तू ऐनाची! नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१६ सालच्या नियमांनी तिकीट रद्द झाल्यास कर व विमानतळाची शुल्के परत करणे कंपनीस बंधनकारक केले. रद्द करण्याचा आकार मूळ भाडे अधिक इंधन अधिभार याहून जास्त घेता येत नाही. म्हणजे अधिभाराची गणना नियमकर्त्यांनीही ऐनातच केली.